महावस्तुमानी तारे आणि अवरक्त वर्णपटाची साक्ष

तारा जास्तीत जास्त किती वस्तुमानाचा असू शकतो, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. परंतु त्यास आजवर मिळालेली उत्तरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. १९५९ साली सैद्धांतिक गणिताने साठ सौर वस्तुमाने हे उत्तर दिले. १९८१ साली निरीक्षणाच्या आधारे एका ज्योतीचे वस्तुमान अडीच हजार सूर्यांइतके असावे असे प्रतिपादन झाले. २००५ च्या सुमारास दीडशेची मर्यादा पक्की झाली असे मानले जाऊ लागले आणि अवघ्या पाच वर्षांत तिच्या दुपटीचा आकडा पुढे आला. एकाच राशीविषयी एवढा चढउतार व्हावा याचे कारण तारे बदलले हे नसून त्यांच्याकडे पाहण्याची साधने बदलली, हे आहे. या साधनांपैकी अवरक्त वर्णपटलेखन हे एक. त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडावयाचा असून, तो मांडीत असता अशा साधनाच्या साक्षीवर किती भार टाकावा या प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. आकाराने फुगलेले राक्षसी तारे आणि वस्तुमानाने मोठे तारे यांत पुष्कळदा गल्लत होते. येथे विचार आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. ज्यांचे आरंभीचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक असते, ज्यांचा शेवट सामान्यतः अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटात होतो, त्या ताऱ्यांस आपण महावस्तुमानी तारे म्हणू. त्यांची संख्या अत्यंत अल्प व आयुष्य काही दशलक्ष वर्षांचे. तथापि आकाशगंगेच्या जीवनावर त्यांचा प्रभाव त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे. सभोवारच्या वायूचे आयनीभवन तेच करतात. ऑक्सिजनासारखी मूलद्रव्ये अवकाशात मुख्यतः तेच विखुरतात. आणि कृष्णविवरे मागे ठेवतात तीही त्यांतील काहीच. अशा ताऱ्याच्या वस्तुमानाची वरची मर्यादा कोठे आहे, यावर या सर्व हिशेबांचे वरचे टोक अवलंबून आहे.

१. तांबड्याच्या पलीकडे

१८०० साली विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशातील कोणता रंग किती उष्णता देतो हे पाहत होते. लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या निरनिराळ्या भागांत त्यांनी उष्णतामापके ठेवली आणि तांबड्या टोकापलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते तेथे, पारा अधिकच चढल्याचे त्यांना आढळले. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. १८४० मध्ये त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी काजळी लावलेला कागद मद्यार्काने ओला करून त्यावर हा अदृश्य वर्णपट पाडला. जेथे उष्णता पोचे तेथे कागद आधी वाळे. सर्व पट्टा सारखा वाळला नाही. मधून मधून ओले पट्टे राहिले. आज आपण पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प व कर्बद्विप्राणिद यांचे जे शोषणपट्टे म्हणतो, त्यांचे हे पहिले दर्शन होय. म्हणजे अवरक्त वर्णपटलेखनास साधन व अडथळा ही दोन्ही एकाच घराण्यातील पितापुत्रांकडून लाभली.

पुढची पन्नास वर्षे प्रगती मंद होती. १८५६ मध्ये पियाझी स्मिथ यांनी टेनेरीफ बेटावरील पर्वतावरून चंद्राची उष्णता मोजली आणि उंच जागेचा लाभ दाखवून दिला. १८८० च्या सुमारास सॅम्युएल लँग्ली यांनी बोलोमीटर सिद्ध केला. अतिशय पातळ धातुपट्टीवर किरण पडताच तिचा विद्युत्‌रोध बदलतो, या तत्त्वावर हे उपकरण चाले. १८८१ मध्ये लँग्ली ते घेऊन कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनी पर्वतावर गेले आणि सौर अवरक्त वर्णपटाचा पुष्कळ मोठा भाग त्यांनी मोजला. परंतु सूर्य हा सूर्य होय. ताऱ्यांच्या बाबतीत १९२० नंतरच्या दशकात पेटिट व निकल्सन या माउंट विल्सनवरील निरीक्षकांनी तापयुग्माच्या साह्याने त्यांची एकूण उष्णता मोजली. तिचे रेषांमध्ये विभाजन करण्याइतकी शक्ती त्या साधनांत नव्हती.

२. रेषांची लिपी

दरम्यान दृश्य प्रकाशातील वर्णपटाने ताऱ्यांची लिपी वाचावयास शिकविली होती. १८६७ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत शार्ल वोल्फ व जॉर्ज राये यांना हंस तारकासमूहात तीन विलक्षण तारे सापडले. इतर ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या शोषणरेषा असत. यांच्या वर्णपटात रुंद, तेजस्वी उत्सर्जनरेषा होत्या. वोल्फ-राये तारे या नावाने आज ओळखला जाणारा वर्ग तेथे जन्मास आला. १८९६ मध्ये पिकरिंग यांनी झीटा पपिस या ताऱ्यात एक नवी रेषामाला पाहिली आणि ती हायड्रोजनाची मानली. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी ती आयनीभूत हीलियमाची आहे असे दाखविले. ज्या ताऱ्यात हीलियमाचा एक इलेक्ट्रॉन निघून गेलेला आहे त्याचे तापमान किती असावे, हा पुढचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर १९२० मध्ये मेघनाद साहा यांच्या आयनीभवनाच्या समीकरणाने दिले.

साहांच्या समीकरणाचे महत्त्व आपल्या विषयात मूलभूत आहे. उदासीन हीलियमाची रेषा आणि आयनीभूत हीलियमाची रेषा यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. 'ओ' वर्गातील ताऱ्यांचे उपवर्ग याच गुणोत्तरावर ठरतात. दृश्य प्रकाशात ही जोडी ४४७१ व ४५४१ अँगस्ट्रॉम या रेषांची आहे. वर्गावरून तापमान, तापमान व अंतर यांवरून दीप्ती, आणि दीप्तीवरून ताऱ्याच्या उत्क्रांतीचे गणित मांडून वस्तुमान, अशी ही साखळी आहे. शेवटची कडी सैद्धांतिक आहे हे येथेच ध्यानात ठेवावे. ताऱ्याचे वस्तुमान प्रत्यक्ष मोजता येते ते केवळ युग्मताऱ्यात, केप्लरच्या नियमाने; एकट्या ताऱ्याचे वस्तुमान हे नेहमी अनुमान असते.

३. धुळीचा पडदा

१९३० मध्ये रॉबर्ट ट्रंप्लर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासावरून आंतरतारकीय अवकाशात प्रकाश शोषणारी धूळ आहे हे निर्विवादपणे सिद्ध केले. महावस्तुमानी ताऱ्यांच्या अभ्यासकांस हे वर्तमान फारसे सुखद नव्हते. हे तारे आकाशगंगेच्या पातळीत, वायू व धूळ यांच्या दाट मेघांत जन्मतात. आयुष्य अल्प असल्यामुळे जन्मस्थानापासून ते फार दूर जाऊ शकत नाहीत. आणि संख्येने विरळ असल्यामुळे त्यांचे बहुतेक नमुने आपल्यापासून हजारो प्रकाशवर्षांवर असतात. परिणामी ज्या ताऱ्यांची दीप्ती सर्वांत मोठी, तेच आपल्या दृष्टीस सर्वाधिक पारखे झालेले आहेत.

आकडे पाहिले म्हणजे या अडचणीचे स्वरूप स्पष्ट होईल. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश धुळीमुळे सुमारे तीस प्रतींनी मंद होतो. पाच प्रती म्हणजे शंभरपट, या हिशेबाने एक लक्ष कोटी फोटॉनांपैकी केवळ एक आपल्यापर्यंत पोचतो. याउलट २.२ मायक्रॉन तरंगलांबीवर हाच क्षय जेमतेम तीन प्रतींचा आहे; म्हणजे पंधरासोळा फोटॉनांतील एक तरी येतो. जो पडदा दृश्य प्रकाशास दगडी भिंतीसारखा आहे, तोच अवरक्त किरणांस विरळ पडद्याइतका पारदर्शक ठरतो.

परंतु पडद्यातून दिसणे आणि जे दिसले ते ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चाळीस हजार अंश तापमानाच्या ताऱ्याचा प्रकाश वीनच्या नियमानुसार सुमारे ०.०७ मायक्रॉनवर, म्हणजे दूरच्या जंबुपार भागात, सर्वाधिक असतो. दोन मायक्रॉनवर आपण त्याच्या वर्णपटाचे अगदी शेवटचे शेपूट पाहत असतो. या शेपटाचा उतार तीस हजार अंशांच्या आणि पन्नास हजार अंशांच्या ताऱ्यात जवळपास सारखाच असतो. म्हणून केवळ अवरक्त रंगमापनाने उष्ण ताऱ्याचे तापमान कळत नाही. तो उष्ण आहे की धुळीने तांबडा झालेला शीत तारा आहे, हेही पुष्कळदा कळत नाही. ही संदिग्धता दूर करण्यास रेषाच हव्यात. अवरक्त छायाचित्र पुरेसे नसून अवरक्त वर्णपट अपरिहार्य का, याचे कारण हे आहे.

४. शोधकांचे युग

रेषा मिळविण्यासाठी संवेदनशील शोधक हवा होता. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गरजेपोटी शिसे व गंधक यांच्या संयुगाचा प्रकाशवाही शोधक विकसित झाला. युद्धानंतर जेरार्ड क्यूपर यांनी तो मॅक्डोनल्ड वेधशाळेतील दूरदर्शकास जोडला आणि १९४७ मध्ये मंगळाच्या वातावरणात कर्बद्विप्राणिद ओळखला. १९६१ मध्ये फ्रँक लो यांनी द्रव हीलियमाच्या तापमानावर चालणारा जर्मेनियमाचा बोलोमीटर तयार केला. त्याच दशकात हॅरॉल्ड जॉन्सन यांनी वातावरणाच्या पारदर्शक खिडक्यांस अक्षरे दिली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत १.२५ मायक्रॉनच्या आसपासची 'जे', १.६५ ची 'एच' आणि २.२ ची 'के' होय. महावस्तुमानी ताऱ्यांच्या इतिहासात 'के' खिडकीस विशेष मान आहे.

कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेतील न्यूगेबावर व लेटन यांनी दोन मायक्रॉनवर आकाशाचे सर्वेक्षण केले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत सुमारे ५,६०० ज्योती होत्या. त्याच वर्तुळातील एरिक बेकलिन यांना १९६६ मध्ये आकाशगंगेचे केंद्र २.२ मायक्रॉनवर सापडले. मृगातील अभ्रिकेमागे, दृश्य प्रकाशात काहीच नसलेल्या जागी, बेकलिन व न्यूगेबावर यांनी एक तेजस्वी अवरक्त ज्योत पाहिली. तिचे वृत्त १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. हा जन्मावस्थेतील महावस्तुमानी तारा असावा असे मत पुढे प्रबळ झाले. १९७९ मध्ये स्कोव्हिल व सहकाऱ्यांनी तिच्या वर्णपटात २.३ मायक्रॉनजवळ कार्बन मोनॉक्साइडाचे उत्सर्जनपट्टे ओळखले. असे पट्टे उठण्यास काही हजार अंशांचा दाट वायू लागतो, म्हणून ताऱ्याच्या अगदी निकट द्रव्य आहे, हे त्यावरून उघड झाले. २००० नंतरच्या दशकात अशा अनेक बालताऱ्यांत हेच पट्टे तपासून, त्यांच्याभोवती फिरत्या चकत्या असल्याचा पुरावा जमा करण्यात आला.

तथापि या काळातील बहुतेक उपकरणे एका वेळी एकच बिंदू पाहत. वर्णपट हवा असल्यास तरंगलांबीचा एकेक तुकडा पाळीपाळीने मोजावा लागे, अथवा फूरिए रूपांतराच्या व्यतिकरणमापकाचा अवलंब करावा लागे. खरा पालट झाला तो १९८० नंतरच्या दशकात, इंडियम अँटिमोनाइडासारख्या अर्धवाहकांच्या जालरूप शोधकांनी. १९८६ मध्ये हवाई बेटावरील ब्रिटनच्या ३.८ मीटर अवरक्त दूरदर्शकावर बसविलेल्या कॅमेऱ्यात ६२ गुणिले ५८ घटकांचे जाल होते. आज ही संख्या हास्यास्पद वाटेल. परंतु एका घटकावरून साडेतीन हजारांवर जाणे ही त्या वेळी क्रांतीच होती. संपूर्ण 'के' खिडकीचा वर्णपट आता थोड्याच निरीक्षणांत मिळू लागला.

५. नव्या लिपीचा कोश

नवी साधने हाती आली तेव्हा एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. अपरिचित ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट मिळत होते. पण परिचित ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट कसे दिसतात हेच पद्धतशीरपणे नोंदलेले नव्हते. शब्द हाती होते, कोश नव्हता. उष्ण ताऱ्यांसाठी तो मार्गरेट हॅन्सन, पीटर काँटी व मार्शिया रीके यांनी १९९६ मध्ये पुरविला. दृश्य प्रकाशात ज्यांचे वर्ग पक्के ठाऊक होते अशा 'ओ' व 'बी' वर्गाच्या ताऱ्यांचे 'के' खिडकीतील वर्णपट त्यांनी वर्गवार मांडले.

या लिपीतील प्रमुख अक्षरे थोडीच आहेत. २.१६६ मायक्रॉनवर हायड्रोजनाची ब्रॅकेट-गॅमा रेषा, सातव्या पातळीवरून चौथ्या पातळीवर होणाऱ्या संक्रमणाची, २.०५८ व २.११३ वर उदासीन हीलियम, २.१८९ वर आयनीभूत हीलियम; २.०७८ च्या आसपास तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन, आणि २.११६ जवळ नायट्रोजन. आयनीभूत हीलियम व कार्बन दिसल्यास तारा 'ओ' वर्गाचा; ते मावळून उदासीन हीलियम उरल्यास 'बी' वर्गाकडे झुकणारा. साहांचे तत्त्व तेच राहिले. केवळ रेषा बदलल्या.

ब्रॅकेट रेषांचा आणखी एक उपयोग आहे. १९६७ मध्ये डोनल्ड मॉर्टन यांनी अग्निबाणावरून घेतलेले मृगातील उष्ण ताऱ्यांचे जंबुपार वर्णपट प्रसिद्ध केले, तेव्हा या ताऱ्यांपासून सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने द्रव्य बाहेर पडते असे आढळले. १९७५ मध्ये कॅस्टर, ॲबट व क्लाइन यांनी या तारकीय वाऱ्याचा सिद्धांत मांडला: ताऱ्याचा प्रकाशच रेषांच्या द्वारा वायूस ढकलतो. काही दशलक्ष वर्षांच्या आयुष्यात दर वर्षी सूर्याच्या एक लक्षांश वा दशलक्षांश द्रव्य गेले, तर ताऱ्याचे भवितव्यच पालटते. धुळीमागील ताऱ्याच्या बाबतीत जंबुपार किरण उपलब्ध नसतात. तेथे ब्रॅकेट-गॅमा व ४.०५ मायक्रॉनवरील ब्रॅकेट-अल्फा या रेषांवरून वाऱ्याचे माप काढावे लागते. परंतु या उत्सर्जनरेषांची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारा एकसंध नसून गुठळ्यांनी भरलेला असेल तर तितक्याच द्रव्यात रेषा अधिक तीव्र उठते आणि आपण ऱ्हास प्रत्यक्षाहून मोठा समजतो. गुठळ्यांचा विचार केल्यावर पूर्वीचे आकडे दोन-तीन पटींनी कमी करावे लागले. रेषा खोटे सांगत नव्हती. आपण तिला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

६. केंद्रातील तारे

या लिपीचा पहिला मोठा उपयोग आकाशगंगेच्या केंद्राजवळ झाला. १९९० मध्ये डेव्हिड ॲलन व सहकाऱ्यांनी तेथील एका ज्योतीच्या वर्णपटात हीलियम व हायड्रोजन यांच्या रुंद उत्सर्जनरेषा दाखविल्या. हा शीत राक्षसी तारा नसून उत्क्रांत, उष्ण, महावस्तुमानी तारा होता. पुढच्याच वर्षी क्राबे, गेन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ताऱ्यांचा एक समूहच प्रकाशात आणला. नखारो व हिलियर यांनी प्रसरण पावणाऱ्या वातावरणाची गणिती प्रतिमाने रचून या रेषांवरून तापमान, दीप्ती व हीलियमाचे प्रमाण काढले. काही दशलक्ष वर्षांपूर्वी त्या स्थळी ताऱ्यांचा मोठा जन्मोत्सव झाला होता, हा निष्कर्ष त्यातून निघाला. प्रचंड गुरुत्वाच्या सान्निध्यात मेघ फाटून जावेत अशी अपेक्षा असता तेथे तारे जन्मले कसे, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला.

२००३ मध्ये अँड्रिया गेझ व सहकाऱ्यांनी केंद्रातील ज्योतीभोवती सोळा वर्षांत एक प्रदक्षिणा करणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटात ब्रॅकेट-गॅमा व हीलियम यांच्या शोषणरेषा ओळखल्या. हाही उष्ण व तरुण तारा निघाला. या रेषांच्या विचलनावरून त्याचा दृष्टिरेषेतील वेग मिळाला, आणि २०१८ मध्ये केंद्राच्या निकटतम येताना त्याच्या प्रकाशात गुरुत्वीय ताम्रसृती मोजता आली. केंद्रात सुमारे चाळीस लक्ष सौर वस्तुमानांची संहत वस्तू आहे या शोधासाठी गेन्झेल व गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. ताऱ्याच्या वर्गीकरणासाठी जमविलेल्या रेषा अशा रीतीने गुरुत्वाकर्षणाच्या कसोटीस उपयोगी पडल्या.

७. मर्यादेचा वाद

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. १९५९ मध्ये श्वार्झशिल्ड व हार्म यांनी दाखविले की साठ सौर वस्तुमानांहून मोठा तारा स्पंदनांमुळे अस्थिर होतो. १९७० च्या सुमारास पुढील गणिताने असे सुचविले की ही स्पंदने ताऱ्यास फोडीत नाहीत. त्यांचा आवाका मर्यादित राहतो. सिद्धांताची भिंत ढासळली आणि निरीक्षणास वाट मोकळी झाली.

मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर, टॅरँटुला अभ्रिकेच्या हृदयात आर १३६ ही ज्योत आहे. १९८१ मध्ये कॅसिनेली, मॅथिस व सॅव्हेज यांनी जंबुपार वर्णपटाच्या आधारे तिचा मध्यवर्ती घटक हा सुमारे २,५०० सौर वस्तुमानांचा एकच तारा असावा असे मत मांडले. त्यांचा वर्णपट निर्दोष होता; परंतु तो एका ताऱ्याचा आहे हे गृहीतक तपासण्याची विभेदनशक्ती त्यांच्यापाशी नव्हती. १९८५ मध्ये वायगेल्ट व बायर यांनी कणव्यतिकरणमापनाने त्या एका बिंदूचे आठ घटक वेगळे केले. अडीच हजारांचा तारा आठ ताऱ्यांत विरून गेला.

या अनुभवानंतर अभ्यासक सावध झाले. २००४-०५ मध्ये निरनिराळ्या संशोधकांनी समृद्ध तारकागुच्छांतील संख्याशास्त्रावरून सुमारे दीडशेची मर्यादा सुचविली. त्यांत डोनल्ड फायगर यांचा निबंध विशेष गाजला. आकाशगंगेच्या केंद्राजवळील, केवळ अवरक्तातच दिसणाऱ्या आर्चेस गुच्छात १३० सौर वस्तुमानांहून मोठे अनेक तारे असावयास हवे होते. त्यांना एकही आढळला नाही.

२०१० मध्ये पॉल क्राउथर व सहकाऱ्यांनी आर १३६ कडे पुन्हा वळून, युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या ८.२ मीटर दूरदर्शकाने 'के' खिडकीतील वर्णपट तपासले. येथे धूळ फारशी नाही; मग अवरक्त कशासाठी? त्याचे कारण पृथ्वीचे वातावरण. हवेच्या ज्या तुकड्यातून लहरी अविकृत येतात त्याचा व्यास तरंगलांबीच्या सहा-पंचमांश घाताने वाढतो. अर्ध्या मायक्रॉनवरून २.२ मायक्रॉनवर गेल्यास तो सुमारे सहापट होतो. म्हणून आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून प्रतिमा सुधारणारी अनुकूली प्रकाशिकी अवरक्तात अधिक यशस्वी ठरते. आर १३६ मधील सर्वांत तेजस्वी दोन तारे कोनीय सेकंदाच्या सुमारे एक-दशांश अंतरावर आहेत. त्यांचे वर्णपट वेगळे काढणे यामुळे शक्य झाले. ब्रॅकेट-गॅमा व आयनीभूत हीलियम यांच्या तुलनेवरून हायड्रोजनाचे शिल्लक प्रमाण, प्रतिमानांवरून सुमारे ५३,००० अंश तापमान, आणि 'के' प्रतीवरून सूर्याच्या ८७ लक्षपट दीप्ती निघाली. आर १३६ ए-१ या ताऱ्याचे तत्कालीन वस्तुमान २६५ आणि जन्मसमयीचे सुमारे ३२० सौर वस्तुमाने आले. आर्चेसमधील ताऱ्यांचे वस्तुमानही अंतर व धूळ यांची सुधारित मूल्ये घेता पूर्वीपेक्षा अधिक असल्याचे त्यांनी दाखविले.

या साखळीस प्रत्यक्ष मोजमापाचा आधार कोठे आहे? तोही अवरक्तानेच दिला. २००८ मध्ये श्नुर व सहकाऱ्यांनी एनजीसी ३६०३ या गुच्छातील ३.७७ दिवसांत परिभ्रमण करणाऱ्या युग्मताऱ्याच्या 'के' रेषांचे विचलन मोजून घटकांची वस्तुमाने ११६ व ८९ अशी काढली. पहिल्यात ३१ व दुसऱ्यात १६ ची अनिश्चितता होती. क्राउथर यांच्या प्रतिमानांनी याच युग्मासाठी दिलेली उत्तरे या मर्यादेत बसली. मात्र शंभराजवळ जमलेली साखळी तीनशेजवळही तितकीच भक्कम आहे, असे यावरून सिद्ध होत नाही.

आणि खरोखरच आकडा खाली आला. २०२० मध्ये हबल दूरदर्शकाच्या वर्णपटांच्या विश्लेषणात ए-१ चे वस्तुमान सुमारे २१५ निघाले. २०२२ मध्ये जेमिनी दूरदर्शकावरील कणव्यतिकरणाच्या, तेही दृश्य प्रकाशातील, अधिक रेखीव प्रतिमांवरून ते सुमारे १९६ असल्याचे सांगण्यात आले. शेजाऱ्यांचा जो प्रकाश ए-१ च्या नावावर जमा होता तो त्यांना परत करताच त्याचे वस्तुमान घटले. १९८५ चीच कथा पुन्हा घडली. फरक एवढाच की या वेळी तारा अडीच हजारांवरून शंभरांवर न येता तीनशेच्या घरातून दोनशेच्या घरात आला.

८. आपल्याकडील प्रयत्न

या इतिहासात भारताचा वाटा साहांच्या समीकरणापुरता मर्यादित नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाचा दूरदर्शक हैदराबादहून फुग्याने वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवून, महावस्तुमानी ताऱ्यांनी तापविलेल्या धुळीचे दूर-अवरक्तातील वेध अनेक वर्षे घेतले. पुढे जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्यावर आयनीभूत कार्बनाच्या १५८ मायक्रॉन रेषेसाठी वर्णपटमापकही बसविला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचा अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर दूरदर्शक मुख्यतः अवरक्तासाठीच उभारलेला आहे. मुंबईच्याच संस्थेने बांधलेले निकट-अवरक्त वर्णपटमापक २०१३ मध्ये लडाखातील हानले येथील दोन मीटर दूरदर्शकावर आणि २०१९ मध्ये नैनितालजवळील देवस्थळच्या ३.६ मीटर दूरदर्शकावर कार्यान्वित झाले. हानलेची उंची सुमारे ४,५०० मीटर आहे. जॉन हर्शेल यांच्या कागदावर ओले राहिलेले पट्टे तेथील कोरड्या हवेत पुष्कळच क्षीण होतात.

अशा उपकरणावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एक व्यावहारिक अडचण प्रथमच भेडसावते. वातावरणाच्या शोषणरेषा काढून टाकण्यासाठी बहुधा 'ए' वर्गाच्या प्रमाणताऱ्याने भागाकार करतात. परंतु त्या ताऱ्यात स्वतःची ब्रॅकेट-गॅमा शोषणरेषा खोल असते. ती आधी नीट भरून न काढल्यास अभ्यासाच्या ताऱ्यात कृत्रिम उत्सर्जन उमटते, आणि ते वाऱ्याचे चिन्ह मानले जाण्याचा धोका असतो.

९. समारोप

हर्शेल यांच्या उष्णतामापकापासून अनुकूली प्रकाशिकीपर्यंतच्या या सव्वादोनशे वर्षांत अवरक्त वर्णपटाने महावस्तुमानी ताऱ्यांचे एक संपूर्ण दालन उघडले, यात शंका नाही. केंद्रातील तारे, आर्चेस गुच्छ, जन्मावस्थेतील ज्योती यांपैकी काहीही दृश्य प्रकाशाने आपल्या हाती लागले नसते. परंतु वस्तुमानाच्या मर्यादेचा वाद पाहता दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. वर्णपट तापमान, संघटन व वेग यांविषयी बोलतो, आणि त्या बाबतीत त्याची साक्ष भरवशाची आहे. आपण एका ताऱ्याकडे पाहत आहोत की अनेकांकडे, हे पुष्कळदा तो सांगत नाही. ते प्रतिमेचे काम आहे. १९८१ मध्ये आणि काही अंशी २०१० मध्येही चूक झाली ती पहिल्या साक्षीदारास दुसऱ्याचे प्रश्न विचारल्यामुळे.

चूक झाली म्हणून ते काम वाया गेले असे मात्र नव्हे. दीडशेची मर्यादा निसर्गाची आहे की आपल्या नमुन्याची, हा प्रश्न २०१० च्या निबंधानेच पुन्हा खुला केला, आणि घटविलेला आकडाही त्या मर्यादेच्या वरच राहिला आहे. जन्माच्या वेळी दोनशेहून अधिक सूर्यांचा भार वाहणारा तारा शेवटी कृष्णविवर होतो की मागे काहीही न ठेवता फुटून जातो, हे त्याच्या वाऱ्याच्या मापावर ठरणार आहे, आणि ते माप पुन्हा काही रेषांच्या रुंदीत व उंचीत दडलेले आहे. त्या रेषा वाचणाऱ्याने आकड्याबरोबर त्यामागील गृहीतकही लिहून ठेवावे, एवढाच बोध या इतिहासातून घ्यावयाचा आहे.